हातापायापुरती केमोथेरपी : अंगविच्छेद टाळणारा मर्यादित, पण मोलाचा उपचार

मांडीत किंवा दंडात खोलवर वाढलेली कर्करोगाची गाठ मुख्य रक्तवाहिनीला अथवा मज्जातंतूला वेढून बसली, की शल्यचिकित्सकापुढे कठीण पेच उभा राहतो. गाठ पूर्ण काढावी तर हात किंवा पाय निकामी होतो आणि थोडी मागे ठेवावी तर रोग पुन्हा उद्भवतो. अशा वेळी संपूर्ण अवयव कापणे हाच उपाय अनेक दशके रूढ होता. या पेचातून वाट काढण्यासाठी विकसित झालेली पद्धत म्हणजे केवळ त्या हाताला किंवा पायाला दिली जाणारी केमोथेरपी. वैद्यकीय परिभाषेत तिला ‘आयसोलेटेड लिम्ब पर्फ्युजन’ म्हणतात. मराठीत तिला ‘विलग अवयव-अभिसरण’ म्हणता येईल. त्या अवयवाचे रक्ताभिसरण काही काळ उर्वरित शरीरापासून तोडायचे, यंत्राच्या साहाय्याने ते स्वतंत्रपणे चालू ठेवायचे आणि त्या बंदिस्त प्रवाहात औषधाची मोठी मात्रा सोडायची, हे तिचे सूत्र आहे.

या उपचाराबाबत एक गोष्ट आरंभीच स्पष्ट असणे आवश्यक आहे. त्याचा मुख्य हेतू हात किंवा पाय वाचवणे हा आहे. त्यामुळे आयुर्मान वाढते, असे सिद्ध झालेले नाही. तरीही त्याचे मोल कमी होत नाही. त्यामागचे कारण समजून घेण्यासाठी या आजाराचे स्वरूप पाहावे लागते.

मृदू ऊतींचा कर्करोग

स्नायू, चरबी, मज्जातंतू, रक्तवाहिन्या, स्नायुबंध आणि सांध्याभोवतीची आवरणे यांना मृदू ऊती म्हणतात. त्यांत उद्भवणाऱ्या कर्करोगांना ‘सॉफ्ट टिश्यू सार्कोमा’ ही संज्ञा आहे. प्रौढांमधील एकूण कर्करोगांत त्यांचे प्रमाण सुमारे १ टक्का आहे. लायपोसार्कोमा, लायोमायोसार्कोमा, सायनोव्हियल सार्कोमा असे त्यांचे ५० हून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. यांपैकी साधारण निम्मे सार्कोमा हातापायांत आढळतात आणि त्यांतही मांडीतील गाठींचे प्रमाण सर्वाधिक असते.

आरंभी ही गाठ बहुधा दुखत नाही. मांडीच्या जाड स्नायूंत ती बरीच मोठी होईपर्यंत लक्षातही येत नाही. चरबीची गाठ, मार किंवा स्नायूचा ताण समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. सार्कोमा मुख्यतः रक्तावाटे पसरतो आणि बहुतेक वेळा प्रथम फुप्फुसांत पोहोचतो. रुग्णाच्या जिवाला खरा धोका असतो तो या प्रसारापासून. हातापायातील मूळ गाठ सहसा मृत्यूचे थेट कारण ठरत नाही.

पाय कापल्याने आयुष्य वाढते का?

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १८९० मध्ये न्यूयॉर्क येथील तरुण शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी हाताच्या सार्कोमाने ग्रस्त एका मुलीचा हात कोपराखाली कापला. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, परंतु रोग शरीरभर पसरला आणि काही आठवड्यांतच, १८९१ च्या जानेवारीत, तिचा मृत्यू झाला. या घटनेने व्यथित झालेल्या कोली यांनी जुन्या रुग्णनोंदी चाळून सार्कोमावर वेगळा उपाय शोधण्यास प्रारंभ केला. त्यांच्या त्या शोधाचा धागा पुढे याच उपचारापर्यंत येऊन पोहोचतो.

अंगविच्छेदाच्या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर मिळण्यास मात्र १९८२ साल उजाडावे लागले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून चाचणी घेतली. १६ रुग्णांचा अवयव कापण्यात आला. २७ रुग्णांमध्ये अवयव राखून केवळ गाठ काढण्यात आली व त्यांना किरणोपचार देण्यात आले. दोन्ही गटांना केमोथेरपीही मिळाली. अवयव राखलेल्या गटात ४ रुग्णांच्या त्याच जागी रोग पुन्हा उद्भवला, तर विच्छेद झालेल्या गटात एकाचाही उद्भवला नाही. तथापि ५ वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अंगविच्छेद झालेल्या गटात ८८ टक्के आणि अवयव राखलेल्या गटात ८३ टक्के होते. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता.

चाचणी लहान होती, पण तिने उपचारांची दिशा बदलली. अवयव गमावणे ही जीव वाचवण्याची अटळ किंमत नाही, हे मान्य झाले. गाठीभोवतीच्या निरोगी ऊतींच्या पुरेशा थरासह ती काढणे आणि जोडीला किरणोपचार देणे ही जगभर मुख्य उपचारपद्धती ठरली. आज हातापायांच्या सार्कोमाच्या बहुसंख्य रुग्णांचा अवयव याच पद्धतीने वाचतो. उरतो तो लहान गट, ज्यांची गाठ अतिशय मोठी असते, एकाच अवयवात अनेक ठिकाणी पसरलेली असते किंवा मुख्य धमनी, मज्जातंतू व सांधा यांना बिलगलेली असते. हातापायापुरती केमोथेरपी आहे ती प्रामुख्याने या गटासाठी.

हृदय-फुप्फुस यंत्रातून सुचलेली वाट

शिरेवाटे दिलेले केमोथेरपीचे औषध संपूर्ण शरीरात फिरते. त्यामुळे मात्रेची मर्यादा गाठीच्या गरजेवरून ठरत नाही. अस्थिमज्जा, आतडी आणि हृदय किती सहन करू शकतात, यावर ती ठरते. औषध केवळ रोगग्रस्त अवयवातच खेळवता आले, तर ही मर्यादा ओलांडता येईल, असा विचार १९५० च्या दशकात पुढे आला. त्यासाठी आवश्यक असलेले साधनही त्याच सुमारास उपलब्ध झाले होते. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधारे हृदयाची पहिली यशस्वी खुली शस्त्रक्रिया केली होती.

चारच वर्षांनी, १९५७ मध्ये, न्यू ऑर्लिन्स येथील टुलेन विद्यापीठात ऑस्कर क्रीच आणि एडवर्ड क्रेमेन्ट्झ यांनी तेच तंत्र पायाकडे वळवले. त्यांचा पहिला रुग्ण ७६ वर्षांचा होता. त्याला मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग होता, गाठी पायभर पसरल्या होत्या आणि पाय कापून घेण्यास त्याने नकार दिला होता. यंत्राद्वारे पायात मेलफालान हे औषध फिरवल्यानंतर त्याच्या गाठी नाहीशा झाल्या. पुढील दशकात, अवयवाचे तापमान वाढवल्यास औषधाचा परिणाम वाढतो, या निरीक्षणाची त्यात भर पडली.

मेलानोमाच्या रुग्णांमध्ये ही पद्धत रुजली. सार्कोमाच्या मोठ्या गाठींवर मात्र एकट्या मेलफालानचा प्रभाव अपुरा पडत होता.

शस्त्रक्रियागृहात काय घडते?

ही प्रक्रिया संपूर्ण भूल देऊन केली जाते. पायासाठी जांघेतील, ओटीपोटातील किंवा गुडघ्यामागील आणि हातासाठी काखेतील अथवा दंडातील मुख्य धमनी व शीर मोकळी केली जाते. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपारिन देतात. दोन्ही रक्तवाहिन्यांत नळ्या बसवून त्या पंप व ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्राला जोडल्या जातात. अवयवाच्या मुळाशी घट्ट पट्टा आवळून लहान रक्तवाहिन्यांतून होणारी देवाणघेवाणही थांबवली जाते. आता तो हात किंवा पाय शरीराला जोडलेला असतो, पण त्याचे रक्ताभिसरण पूर्णतः स्वतंत्र असते.

यानंतर अवयव साधारण ३८ ते ३९.५ अंश सेल्सियसपर्यंत उबदार केला जातो. मेलफालानची मात्रा रुग्णाच्या वजनावर न ठरवता अवयवाच्या आकारमानावर ठरते. पायासाठी दर लिटरला १० मिलिग्रॅम आणि हातासाठी १३ मिलिग्रॅम हे प्रचलित प्रमाण आहे. औषध ६० ते ९० मिनिटे फिरवले जाते. या अवधीत अवयवातील औषधाचे प्रमाण सर्वसाधारण केमोथेरपीत साध्य होणाऱ्या प्रमाणाच्या सुमारे २० पट असू शकते.

या संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक दक्षता घ्यावी लागते ती गळतीबाबत. अवयवातील रक्तात अल्प किरणोत्सारी द्रव्य मिसळले जाते आणि रुग्णाच्या हृदयावर किरणमापक ठेवला जातो. अवयवातील रक्त शरीरात झिरपू लागले की मापकावरील आकडा वाढतो. गळती १० टक्क्यांकडे जाऊ लागल्यास पंपाचा वेग कमी केला जातो, पट्टा पुन्हा आवळला जातो आणि तरीही ती आटोक्यात न आल्यास प्रक्रिया थांबवली जाते. शेवटी काही लिटर द्रावणाने अवयवातील औषध धुऊन काढले जाते, रक्तवाहिन्या शिवल्या जातात आणि नैसर्गिक रक्ताभिसरण पूर्ववत केले जाते.

येथे गाठ त्याच दिवशी काढली जात नाही. औषधाने ती मृत व्हावी, आकसावी आणि भोवतालच्या रक्तवाहिन्या-मज्जातंतूंपासून सुटी व्हावी, यासाठी काही आठवडे जाऊ दिले जातात. साधारण ६ ते १२ आठवड्यांनी उरलेली गाठ शस्त्रक्रियेने काढतात. आरंभी अशक्य वाटलेली शस्त्रक्रिया त्या वेळी शक्य व्हावी, हेच या उपचाराचे उद्दिष्ट असते.

शरीराला घातक, अवयवात उपयुक्त

सार्कोमातील अपयशावर तोडगा निघाला तो ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ या प्रथिनामुळे. कोली यांनी जुन्या नोंदींत पाहिले होते की तीव्र जिवाणूसंसर्ग झालेल्या काही रुग्णांच्या गाठी विरघळतात. त्या निरीक्षणाचा मागोवा घेणाऱ्या संशोधनातून, न्यूयॉर्कमध्येच, लॉइड ओल्ड यांच्या गटाने १९७५ मध्ये या प्रथिनाचे वर्णन प्रसिद्ध केले. संसर्गाला प्रतिसाद म्हणून शरीरच ते तयार करते आणि प्रयोगातील प्राण्यांमध्ये ते गाठी नष्ट करते, असे आढळले होते.

१९८० च्या दशकात ते रुग्णांना शिरेवाटे देऊन पाहण्यात आले, तेव्हा मोठी निराशा पदरी पडली. जंतुदोषाच्या तीव्र आघातात होते तसा रक्तदाब कोसळत असे. मनुष्याला सहन होणारी मात्रा परिणामकारक मात्रेच्या सुमारे एक दशांशच होती. औषध म्हणून ते जवळजवळ बाद झाले होते.

त्याच टप्प्यावर फर्दी लेजून आणि दानिएल लिएनार यांनी ते अवयव-अभिसरणात वापरले. संपूर्ण शरीराला असह्य असलेली मात्रा बंदिस्त पायाला देता येत होती. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनी कर्करोगतज्ज्ञांचे लक्ष वेधले. हे प्रथिन कर्करोगपेशींपेक्षा गाठीच्या रक्तवाहिन्यांवर अधिक काम करते. या नव्याने फुटलेल्या, कच्च्या रक्तवाहिन्यांच्या भिंती ते सच्छिद्र करते. परिणामी मेलफालान गाठीत कितीतरी अधिक प्रमाणात शिरते आणि नंतर त्या रक्तवाहिन्याच नष्ट होतात. उपचारानंतरच्या रक्तवाहिन्यांच्या चित्रणात गाठीचे जाळे पुसले गेलेले दिसते, तर निरोगी रक्तवाहिन्या शाबूत असतात.

रॉटरडॅम येथील अलेक्झांडर एगरमॉन्ट आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये १८६ रुग्णांचा एकत्रित अनुभव प्रसिद्ध केला. या रुग्णांच्या गाठी स्थानिक पातळीवर फार पुढे गेलेल्या होत्या आणि अंगविच्छेद किंवा अवयव निकामी करणारी शस्त्रक्रिया हाच त्यांच्यापुढचा पर्याय मानला गेला होता. त्यांपैकी ८२ टक्के रुग्णांचा अवयव वाचला. १९९९ मध्ये युरोपीय संघाने ‘टासोनर्मिन’ या नावाने हे प्रथिन याच उपयोगासाठी मान्य केले. पुढे फ्रान्समधील सिल्व्ही बोनव्हालो यांच्या गटाने १०० रुग्णांवरील चाचणीत दाखवून दिले की मात्रा बरीच कमी केली तरी परिणामात लक्षणीय घट होत नाही. त्यामुळे प्रक्रिया अधिक सुरक्षित झाली. अमेरिकेच्या औषध नियामकाने मात्र या प्रथिनाला मान्यता दिलेली नाही. तेथील केंद्रांत मुख्यतः मेलफालानवर भर असतो.

दुष्परिणाम आणि मर्यादा

उपचारानंतर अवयवाला सूज येणे, त्वचा लाल होणे व तापणे हे बहुतेक रुग्णांमध्ये घडते आणि ते काही आठवड्यांत ओसरते. काहींना फोड येतात, त्वचा सोलवटते, नखे गळतात. मज्जातंतूंना इजा, शिरेत गुठळी, जखम भरण्यास विलंब आणि सांध्यातील ताठरता हे अधिक त्रासदायक परिणाम होत. क्वचित स्नायूंच्या कप्प्यांत दाब इतका वाढतो की तातडीने चिरा देऊन तो मोकळा करावा लागतो. या परिणामांचे मोजमाप करण्यासाठी पाच श्रेणींची एक मापनपट्टी वापरली जाते. तिची पाचवी श्रेणी म्हणजे उपचाराच्याच विषारी परिणामामुळे अवयव कापावा लागणे. असे विरळाच घडते, परंतु ही शक्यता रुग्णाला आधी सांगितली जाणे आवश्यक आहे.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. औषध अवयवाबाहेर जात नाही, हे या पद्धतीचे बलस्थान. पण त्याच कारणाने फुप्फुसांत आधीच पोहोचलेल्या कर्करोगपेशींवर तिचा परिणाम होत नाही. अवयव वाचलेल्या अनेक रुग्णांना पुढे दूरच्या प्रसाराला तोंड द्यावे लागते. शिवाय नेहमीच्या उपचारांशी थेट तुलना करणाऱ्या मोठ्या यादृच्छिक चाचण्या झालेल्या नाहीत. आजार दुर्मीळ आहे आणि ज्यांना अन्यथा पाय गमवावा लागेल अशा रुग्णांची विभागणी करणे कठीण आहे.

असे असले तरी, फुप्फुसांत प्रसार झालेल्या रुग्णालाही या उपचाराचा लाभ होऊ शकतो. वेदना देणारी, फुटून वाहणारी गाठ आटोक्यात आली, तर उरलेला काळ तो स्वतःच्या पायावर उभा राहून घालवू शकतो.

तुलनेने सोपा पर्याय

ऑस्ट्रेलियात सिडनी येथील जॉन थॉम्पसन यांनी १९९० च्या दशकात या प्रक्रियेचे सोपे रूप विकसित केले. ‘आयसोलेटेड लिम्ब इन्फ्युजन’ या पद्धतीत रक्तवाहिन्या उघडण्यासाठी मोठी चिरफाड करावी लागत नाही. त्वचेतून बारीक नळ्या सरकवल्या जातात, पट्ट्याने रक्तप्रवाह अडवला जातो आणि सुमारे अर्धा तास औषध सिरिंजने फिरवले जाते. ऑक्सिजन मिसळणारे यंत्र त्यात नसते. वृद्ध आणि अशक्त रुग्णांना ही पद्धत तुलनेने सोसते व गरज पडल्यास ती पुन्हाही करता येते.

भारतातील रुग्णासाठी अर्थ

पूर्ण स्वरूपातील अवयव-अभिसरणासाठी सार्कोमातील अनुभवी शल्यचिकित्सक, यंत्र चालवणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ, भूलतज्ज्ञ आणि गळतीवर लक्ष ठेवणारा अणुवैद्यक विभाग एकाच छताखाली लागतो. त्यामुळे युरोपातही हा उपचार मोजक्या केंद्रांपुरता मर्यादित राहिला आहे. भारतातील बहुसंख्य कर्करोग केंद्रांत अवयव राखणारी शस्त्रक्रिया, किरणोपचार, निवडक रुग्णांना सर्वसाधारण केमोथेरपी आणि आवश्यक तेथे ऊतींचे पुनर्रोपण हाच उपचारक्रम आहे. रक्तवाहिनी गाठीसह काढून तिच्या जागी दुसरी जोडणेही काही वेळा शक्य असते. म्हणूनच पाय कापावा लागेल, असे निदान झाल्यास, विच्छेदापूर्वी सार्कोमावर नियमित उपचार करणाऱ्या केंद्राचे दुसरे मत घेणे श्रेयस्कर ठरते. १९४१ मध्ये मुंबईत सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय, चेन्नईतील अड्यार कर्करोग संस्था आणि दिल्लीतील ‘एम्स’ ही अशा केंद्रांची उदाहरणे होत. देशातील ३०० हून अधिक केंद्रे ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ या जाळ्यात एकत्र आली असून समान दर्जाचे उपचार सर्वत्र मिळावेत, हा त्याचा उद्देश आहे.

अंगविच्छेदानंतरचे आयुष्य थांबत नाही, हे भारताने जगाला दाखवून दिले आहे. १९६८ च्या सुमारास जयपूर येथे रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी घडवलेल्या ‘जयपूर फूट’ने उकिडवे बसणे, मांडी घालणे, अनवाणी चालणे शक्य केले. परंतु सार्कोमा बहुधा मांडीत असतो आणि विच्छेद जितका वर होतो, तितका कृत्रिम पाय वापरणे कठीण होते. खुब्यातून पाय गेलेल्या व्यक्तीला चालण्यासाठी कितीतरी अधिक श्रम पडतात. शेतीत किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत पाय वाचणे म्हणजे घराचे उत्पन्न वाचणे होय.

अवयव वाचण्याची शक्यता मात्र अनेकदा पहिल्याच भेटीत ठरते. ५ सेंटिमीटरहून मोठी, खोलवर असलेली, सतत वाढणारी किंवा एकदा काढल्यानंतर पुन्हा आलेली गाठ, दुखत नसली तरी, संशयास्पद मानावी, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. अशा गाठीचे आधी एमआरआय चित्रण आणि त्यानंतर सुईने तुकडा घेऊन तपासणी व्हावयास हवी. तपासणीची सुई कोठून घालावी, हेही पुढील शस्त्रक्रियेचा विचार करूनच ठरवले जाते. साधी चरबीची गाठ समजून तपासणीविना केलेली घाईची शस्त्रक्रिया कर्करोगपेशी भोवतालच्या निरोगी ऊतींत पसरवू शकते आणि मूळ गाठीपेक्षा मोठा भाग काढण्याची वेळ आणते.

बंदिस्त पायात औषध खेळवण्याचे तंत्र मोजक्याच रुग्णांच्या वाट्याला येईल. एमआरआय आणि सुईची तपासणी मात्र देशातील बहुतेक मोठ्या शहरांत उपलब्ध आहे. ती वेळेवर झाली, तर अनेक रुग्णांना या गुंतागुंतीच्या उपचारापर्यंत जाण्याची गरजच पडणार नाही.